जीर्ण शीतपित्त आणि रोगप्रतिकारशक्ती

'अंगावर पित्त उठते' अशी तक्रार असलेला जुना रुग्ण आपल्या चिकित्सालयात येताना बहुधा दोन वस्तू बरोबर आणतो. एक म्हणजे 'अ‍ॅलर्जी'चा आठ-दहा पानी अहवाल. त्यात वांग्यापासून गव्हापर्यंत अनेक पदार्थांपुढे लाल खुणा केलेल्या असतात. दुसरी वस्तू म्हणजे रोज रात्री घ्यावयाच्या छोट्या गोळ्यांचे अर्धे संपलेले पाकीट. रुग्णाच्या अपेक्षाही ठरलेल्या असतात. वैद्याने अहवालातील यादीत आणखी चार अपथ्ये मिळवावीत, गोळी बंद करावी आणि 'प्रतिकारशक्ती वाढेल' असे काहीतरी द्यावे. आपल्यापैकी अनेकांनी या तिन्ही अपेक्षा वर्षानुवर्षे पुरविल्या आहेत. आम्हीही पुरविल्या आहेत. या व्याधीच्या संप्राप्तीविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे ज्ञान झाले आहे ते पाहता, बहुतांश जीर्ण रुग्णांत या तिन्ही गोष्टी चुकीच्या ठरतात, आणि त्यांतील काही धोक्याच्याही आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम मर्यादा स्पष्ट करू. गांधी उठणे ६ आठवड्यांच्या आत थांबले तर तो आशुकारी प्रकार होय. त्यामागे एखादे औषध, मासळी किंवा शेंगदाण्यासारखा पदार्थ, कीटकदंश किंवा नुकताच येऊन गेलेला विषाणुजन्य ज्वर असे कारण पुष्कळदा सापडते. रोज किंवा आठवड्यातून बहुतेक दिवस गांधी उठत राहिल्या आणि ६ आठवडे उलटून गेले, तर तो जीर्ण प्रकार. जीर्ण प्रकाराचेही दोन भाग पडतात. थंडी, दाब, घाम, ऊन, ओरखडा अशा ठराविक निमित्तानेच उठणारा एक, आणि कोणत्याही बाह्य निमित्तावाचून आपोआप उठणारा दुसरा. कोणत्याही वेळी लोकसंख्येच्या सुमारे अर्धा ते एक टक्का लोकांना जीर्ण प्रकाराचा त्रास असतो, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. पुढील विवेचन मुख्यतः आपोआप उठणाऱ्या जीर्ण प्रकाराचे आहे.

आपल्या ग्रंथांतील वर्णन

माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांना एकत्र स्थान दिलेले आहे. शीत वायूच्या स्पर्शाने कफ व वात प्रदुष्ट होतात आणि पित्ताशी मिळून त्वचेवर व आतही पसरतात, ही त्याची संप्राप्ती. गांधीलमाशी चावल्यासारखा शोथ, कंडू, तोद, क्वचित छर्दी, ज्वर व दाह ही लक्षणे. उदर्दात मंडलाचा मध्य खोलगट, कडा उचललेल्या, आणि कफाचे प्राधान्य. कोठ क्षणात उठतो व क्षणात मावळतो, आणि तोच पुनःपुन्हा येऊ लागला की उत्कोठ. जीर्ण प्रकाराचे आधुनिक वर्णन वाचताना आम्हाला सर्वात जवळचा वाटतो तो हा उत्कोठ. चरकाचार्यांनी कोठाची गणना रक्तप्रदोषज विकारांत केली आहे, हेही येथे लक्षात असावे.

तथापि मास्ट पेशी म्हणजे अमुक दोष किंवा हिस्टामिन म्हणजेच पित्त, अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा असे आमचे मत आहे. अशा समीकरणांनी व्याख्याने रंगतात, परंतु रुग्णाच्या औषधयोजनेत त्यांचा उपयोग झालेला आम्ही पाहिलेला नाही. दोन्ही शास्त्रांची निरीक्षणे शेजारी ठेवावीत आणि जेथे एकाच्या निरीक्षणाने दुसऱ्याचा व्यवहार सुधारतो तेथे ती वापरावीत.

असे एक उदाहरण नावातच आहे. 'शीत' हा शब्द असल्यामुळे आपण सर्वच रुग्णांना गरम पाणी, अभ्यंग व स्वेद सांगून मोकळे होतो. ग्रंथात कटु तैलाचा अभ्यंग व उष्ण जलाचा परिषेक सांगितलाही आहे. परंतु तरुणांत एक प्रकार असा दिसतो की धावल्यावर, तिखट खाल्ल्यावर किंवा गरम पाण्याने स्नान केल्यावर घामाबरोबर बारीक टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात. अशा रुग्णाला पेटीस्वेदात बसविले तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. उलट खऱ्या शीतजन्य प्रकारात विहिरीत किंवा तरणतलावात एकदम उडी घेतल्याने सर्वांगाला गांधी येऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि त्यात मृत्यूही संभवतो. बर्फाचा खडा पातळ पिशवीत घालून हाताच्या आतील बाजूस ५ मिनिटे धरावा आणि काढल्यानंतर १० मिनिटांनी पाहावे. बोथट टोकाने पाठीवर रेघ ओढून ती उचलून येते का हेही पाहावे. परकराची नाडी, घड्याळाचा पट्टा, जड पिशवीचा बंद यांच्या जागी चार-सहा तासांनी सूज येते का ते विचारावे. या तीन गोष्टींना खर्च नाही आणि वेळही फारसा लागत नाही. स्वेद सांगण्यापूर्वी त्या व्हाव्यात.

गांध उठते कशी

त्वचेत, विशेषतः सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भोवती, मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले. या पेशींच्या पोटात हिस्टामिन आदी द्रव्यांचे कण भरलेले असतात. ते बाहेर पडले की रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांतून द्रव झिरपतो, मज्जातंतूंची टोके चाळविली जातात, आणि लाली, शोथ व कंडू ही त्रयी उभी राहते. आतापर्यंतचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. हे कण बाहेर सोडण्याची आज्ञा मास्ट पेशीला देते कोण?

याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले, आणि त्यातील दोन टप्पे इतके बोलके आहेत की ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२१ मध्ये जर्मनीतील ब्रेस्लाव येथे प्राउस्निट्झ व क्युस्टनर या दोघांनी एक प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासळीचे वावडे होते. त्यांच्या रक्ताचा रस प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना मासळीचा कसलाही त्रास नव्हता, तरी त्या जागी गांध उठली. अर्थात वावडे घडविणारा घटक रक्तरसात होता. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने, तसेच स्वीडनमधील संशोधकांनी, तो घटक वेगळा काढला. तोच आज प्रत्येक अहवालावर दिसणारा आयजीई. हा प्रतिपिंड मास्ट पेशीवरील ग्राहींना चिकटून बसतो. त्याला ओळखीचा पदार्थ येऊन भिडला की पेशी फुटते.

दुसरा टप्पा १९८६ चा, ब्रिटनमधील. जीर्ण शीतपित्ताच्या रुग्णांचा रक्तरस काढून तो त्यांच्याच त्वचेत टोचण्यात आला. कित्येकांत त्या जागी गांध उठली. या खेपेस मासळी नव्हती, शेंगदाणा नव्हता, बाहेरचे काहीही नव्हते. रुग्णाचे स्वतःचे रक्तच त्याच्या त्वचेला पुरे पडत होते. पुढे १९९३ मध्ये लंडन येथील संशोधकांनी दाखविले की अशा काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशीवरील आयजीईच्या ग्राहीविरुद्धच प्रतिपिंडे असतात. बाहेरचा पदार्थ येण्याची वाट न पाहता ती थेट कुलुपात घुसतात आणि पेशी फोडतात.

आज या व्याधीत स्वप्रतिरक्षेचे दोन मार्ग मानले जातात. पहिल्यात शरीर आपल्याच घटकांविरुद्ध आयजीई तयार करते. अवटू ग्रंथीतील, म्हणजे थायरॉइडमधील, एका किण्वाविरुद्धचे आयजीई हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. म्हणजे वावडेच, पण स्वतःच्या शरीराचे. दुसऱ्या मार्गात वर सांगितल्याप्रमाणे ग्राहीविरुद्ध किंवा आयजीईविरुद्ध आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे असतात. दुसऱ्या मार्गातील रुग्णांत एकूण आयजीई पुष्कळदा कमी असते, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे वाढलेली असतात, आणि व्याधी अधिक हट्टी असतो. काही रुग्णांत दोन्ही मार्ग एकत्र आढळतात, तर काहींत यांपैकी काहीच सिद्ध करता येत नाही.

येथे एक व्यावहारिक बाब. आयजीई वाढलेले दिसले की 'अ‍ॅलर्जी फार आहे' आणि कमी दिसले की 'अ‍ॅलर्जी नाही, पोटाचे असेल' असे आपण सहज बोलून जातो. वरील संप्राप्ती पाहता दोन्ही विधाने निराधार आहेत. आपल्याकडे कृमींमुळेही आयजीई व इओसिनोफिल पेशी वाढतात, हे तर कोणीही विसरू नये.

बावीस पदार्थ वर्ज्य

सुमारे १४ महिने त्रास असलेल्या एका शिक्षिकेची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. वय ३८. रोज सायंकाळी मांड्या, कंबर व दंड यांवर गांधी, रात्रभर कंडू, सकाळी त्वचा स्वच्छ. तिच्या अहवालात २२ पदार्थ वर्ज्य होते. त्यांवर एका वैद्याने आंबट, दही व आंबवलेले पदार्थ, आणि दुसऱ्याने सर्व कडधान्ये वर्ज्य करविली होती. घरचा उपाय म्हणून आमसुलाचे पाणी अंगाला लावणे चालू होते, तेही 'आंबट' म्हणून बंद झाले. ती दुधी, मऊ भात आणि मुगाचे पाणी यांवर राहत होती. वजन ९ किलोंनी उतरले होते. "डॉक्टर, आता एवढंच उरलंय. हेही बंद करायचं असेल तर सांगा," असे ती म्हणाली तेव्हा तिच्या स्वरात उपरोध नव्हता, हेच आम्हाला लागले.

पथ्य हा आपल्या चिकित्सेचा कणा आहे आणि तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पथ्याला हेतू हवा. आपोआप उठणाऱ्या जीर्ण शीतपित्तात खरे अन्नजन्य वावडे हे कारण क्वचितच सापडते. अन्नाच्या वावड्याने उठणारी गांध तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत उठते आणि प्रत्येक वेळी उठते; रुग्णाला ते बहुधा आधीच ठाऊक असते. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडले तर शरीराला त्या पदार्थाची ओळख झाली आहे इतकेच सिद्ध होते. अन्नाविरुद्धच्या आयजीजी वर्गाच्या तपासण्यांची गोष्ट तर त्याहून सोपी आहे. त्या, आपण तो पदार्थ खातो, एवढेच सांगतात. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अन्नविषयक आयजीजी-४ तपासणी निदानासाठी वापरू नये असे स्पष्ट केले आहे. तरीही हजारो रुपयांचे असे अहवाल आपल्या टेबलावर येतात, आणि त्यांतून पथ्याची यादी उतरवून देण्याचे काम आपण करतो.

तिचा आहार आम्ही चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पूर्ववत केला. गांधींत वाढ झाली नाही. घटही झाली नाही. मात्र तिच्या पिशवीत एक वस्तू सापडली जी कोणत्याही यादीत नव्हती. दिवसभर उभे राहून टाच दुखते म्हणून ती आठवड्यातून तीन-चार दिवस डायक्लोफेनॅकची गोळी घेत होती, दुकानातून परस्पर आणलेली. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातील वेदनाशामकांनी जीर्ण शीतपित्ताच्या सुमारे चौथाई रुग्णांत गांधी भडकतात. हा खरा निदानपरिवर्जनाचा विषय. औषधविक्रेत्या बंधूंना आमची खास विनंती आहे की एकाच चिठ्ठीवर किंवा एकाच गिऱ्हाइकाला पित्ताची गोळी व वेदनाशामक दोन्ही देण्याची वेळ आली, तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. वैद्याला न दिसणारी गोष्ट काउंटरवर दिसते.

तिच्या थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण बरेच वाढलेले निघाले. ग्रंथीचे कार्य तूर्त प्राकृत होते. या व्याधीत थायरॉइडची स्वप्रतिरक्षा सामान्य लोकांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळते, हा संबंध १९८३ पासून ज्ञात आहे. म्हणून जीर्ण रुग्णात, विशेषतः स्त्रीरुग्णात, ही तपासणी आम्ही आता सांगतो. कार्य प्राकृत असताना केवळ गांधींसाठी थायरॉइडची गोळी सुरू करू नये. परंतु अशा रुग्णेत पुढे ग्रंथीचे कार्य मंदावण्याची शक्यता अधिक असल्याने वर्षातून एकदा तपासणी व्हावी.

'प्रतिकारशक्ती वाढवा'

आता सर्वात नाजूक मुद्द्याकडे येतो. २०२० च्या महासाथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोहोचला आणि आपल्या क्षेत्रातील उत्पादनांच्या वेष्टनांवरही चढला. रुग्णाचे गणित असे असते की पित्त उठते म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, तेव्हा ती वाढविली पाहिजे. वरील संप्राप्ती वाचल्यावर हे गणित उलटे आहे हे ध्यानात येईल. येथे प्रतिकारव्यवस्थेची शक्ती कमी झालेली नाही; तिचा रोख चुकला आहे. जो पहारेकरी घरच्या माणसांवरच लाठी उगारतो त्याला अधिक खुराक देऊन काय साधणार?

गुळवेलीच्या बाबतीत हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांत स्वप्रतिरक्षी यकृतदाहासारखी लक्षणे दिसली होती. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती वापरली गेली असावी, आणि गुडूची सुरक्षित आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादात आपल्या व्यासपीठांवर बरीच उष्णता निर्माण झाली. आमचे मत सांगायचे तर, वनस्पतीच्या ओळखीचा आक्षेप योग्य आहे, पण त्याने जबाबदारी आपल्याकडेच येते. कच्चा माल विकत घेणारे, भरड करणारे आणि पुडी बांधणारे आपणच आहोत. चुकीची जाती आली असेल तर ती आपल्याच गोदामातून गेली.

गुडूचीसारखे द्रव्य टाकून द्यावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पण ज्या रुग्णाला ज्ञात स्वप्रतिरक्षी व्याधी आहे, किंवा ज्याची थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे वाढलेली आहेत, त्याला महिनोन्महिने रसायन म्हणून ती देऊ नये. द्यावयाचीच असेल तर आधी यकृताची तपासणी असावी, मुदत ठरलेली असावी, आणि भूक मरणे, मूत्र गडद पिवळे होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी औषध बंद करून कळवावे असे लिहून द्यावे. आम्ही स्वतः जीर्ण शीतपित्तात तिचा वापर थांबविला आहे.

गोळी बंद करण्याची घाई

'आमचे औषध सुरू करताना ती गोळी आजपासून बंद' हे वाक्य आपल्याकडे प्रतिष्ठेचे मानले जाते. नव्या पिढीतील, झोप न आणणारी हिस्टामिनविरोधी औषधे या व्याधीतील पहिली आधुनिक चिकित्सा आहेत. ती नियमित घ्यावयाची असतात आणि गरजेनुसार तज्ज्ञ त्यांची मात्रा चौपटीपर्यंत नेतात. ती एकदम थांबविल्यास व्याधी उसळतो. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने असा इशारा दिला आहे की सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबविल्यास काही व्यक्तींत तीव्र कंडू उद्भवतो, मूळ व्याधी नसला तरीही. हा कंडू पाहून रुग्णाला वाटते की आपले औषध उष्ण पडले, आणि आपल्याला वाटते की व्याधी बाहेर पडत आहे. दोघांचीही समजूत चुकीची. गोळी थांबविण्याची वेळ आलीच तर ती लिहून देणाऱ्याच्या सल्ल्याने, आठवड्यांच्या हिशेबाने कमी व्हावी.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे स्टेरॉइड. तीव्र उद्रेकात थोडे दिवस तज्ज्ञ ते देतात. दीर्घकाळ देऊ नये यावर आज एकमत आहे. तरीही वर्षभर प्रेडनिसोलोन वा बीटामेथासोन घेत असलेले रुग्ण येतात, आणि त्यांतील काहींना आपण ते घेत आहोत याचा पत्ताही नसतो. एका रुग्णाने 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून मिळालेल्या, नाव नसलेल्या पुड्या आम्हाला दाखविल्या. चेहरा गोल झालेला, पोटावर जांभळे पट्टे, साखर वाढलेली. तीन दिवस पुडी चुकली की अंथरुणावरून उठवेना. अशा रुग्णाची पुडी तत्काळ बंद करणे हा धाडसाचा नव्हे, अपघाताचा मार्ग आहे. अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. त्याला पुड्यांसह वैद्यकीय तज्ज्ञाकडे पाठवावे. आपल्या शास्त्राच्या नावावर हे चालते याबद्दल संघटनेने किती वेळा ठराव केले यापेक्षा किती पुड्या प्रयोगशाळेत पाठविल्या हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी ६६ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. दोन महिन्यांत तीन वेळा ओठ सुजला होता. अंगावर गांध एकही नाही, कंडू नाही. आम्ही उदर्द असे लिहिले, हरिद्राखंड व लघुसूतशेखर दिले. "काका, दुसरं काही औषध चालू आहे का?" असे विचारले होते. "बीपीची गोळी आहे, पण ती जुनीच. दोन वर्षं झाली," असे ते म्हणाले. जुनी म्हणून आम्ही नाव विचारले नाही. तीन आठवड्यांनी मध्यरात्री त्यांची जीभ सुजली, श्वास कोंडला, आणि रुग्णालयात नळी घालून त्यांचे प्राण वाचविण्यात आले. ती गोळी रॅमिप्रिलची होती.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या वर्गातील औषधांनी शरीरात ब्रॅडिकायनिन साठते आणि ओठ, जीभ, कंठ यांना खोल शोथ येऊ शकतो. औषध सुरू केल्यापासून महिन्यांनी, वर्षांनीही हे घडते. यात हिस्टामिनचा संबंध नसल्याने हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा उपयोग होत नाही, आपल्या औषधांचा तर नाहीच. गांधीशिवाय केवळ शोथ असेल तर ते शीतपित्त नाही असे धरून चालावे. रक्तदाबाची गोळी आपण स्वतः बंद करू नये. पण ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी, शक्य तर दूरध्वनी करून, रुग्णाला पाठवावे. लहानपणापासून असा शोथ व पोटदुखी असेल आणि घराण्यातही असेल, तर आनुवंशिक प्रकाराचा विचार व्हावा.

याच ओघात आणखी एक खूण. शीतपित्ताची प्रत्येक गांध २४ तासांच्या आत मावळते. नवी दुसरीकडे उठते. पेनने एका गांधीभोवती वर्तुळ काढून दुसऱ्या दिवशी पाहावे. तीच गांध तशीच असेल, कंडूपेक्षा जळजळ व वेदना अधिक असेल, मावळताना निळसर डाग राहत असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. सोबत वारंवार ज्वर व संधिशूल असतील तर थांबू नये. आवाज बसणे, श्वास लागणे, भोवळ येणे या अवस्थेत चिकित्सालयात औषध घोटत बसण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे एड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय आणि रुग्णालय हीच जागा.

आपले स्थान

मग आपण करावयाचे काय? चरकसंहितेत तिंदुक, प्रियाल, बदर, खदिर आदी दहा द्रव्यांचा उदर्दप्रशमन गण स्वतंत्रपणे सांगितला आहे. त्यावर आजवर झालेले काम पाहता तो बराच उपेक्षित आहे. हरिद्राखंड सर्वांच्या हाती आहे आणि त्यावर लहान अभ्यासही झाले आहेत, परंतु रोज मोजलेल्या लक्षणांवर आधारलेला, मोठ्या संख्येचा, तुलनात्मक अभ्यास आपल्याला हवा आहे. तोपर्यंत 'मुळापासून बरे करतो' हे शब्द जपून वापरावेत. हा व्याधी अनेकांत एक ते पाच वर्षांत आपोआप शमतो. चौथ्या वर्षी आपल्याकडे आलेला रुग्ण बरा झाला तर श्रेय कोणाचे हे ठरविणे सोपे नाही.

हरिद्राखंडाविषयी औषधनिर्मात्यांसाठी एक टीप. मूळ पाठात हरिद्रा ८ पले आणि खंडशर्करा ५० पले आहे. म्हणजे साखर हळदीच्या सहा पटींहून अधिक. मधुमेही रुग्णाला चमचा-चमचा देताना हे कोणी सांगत नाही. वेष्टनावर साखरेचे प्रमाण ठळक असावे. त्यात त्रिवृत् असल्याने मृदुकोष्ठी रुग्णास द्रवमलप्रवृत्ती होते, आणि लोह असल्याने मळ काळा दिसतो. दोन्ही आधी सांगितलेले बरे. वमन-विरेचन बलवान रुग्णातच, आणि उद्रेक चालू नसताना करावे. कोठाची उत्पत्ती मुळात असम्यक् वमनातून सांगितली आहे.

चार आठवडे उपचार करूनही फरक नसेल तर रुग्णाला अडकवून ठेवू नये. हिस्टामिनविरोधी औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी आयजीईला बांधून टाकणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन २०१४ पासून मान्य आहे, भारतातही मिळते, आणि दर चार आठवड्यांनी दिले जाते. ते महाग आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आणि रेमिब्रुटिनिब ही पोटात घ्यावयाची गोळी या व्याधीसाठी मान्य झाली. रुग्णाने याबद्दल विचारले तर आपल्याला निदान नाव तरी माहीत असावे.

आणि मोजणी. आम्ही प्रत्येक रुग्णाला एक छोटी वही देतो. रोज दोन आकडे लिहावयाचे. गांधी नसतील तर ०, वीसपेक्षा कमी असतील तर १, वीस ते पन्नास असतील तर २, त्याहून अधिक असतील तर ३. आणि कंडूला त्याच्या तीव्रतेनुसार ० ते ३. सात दिवसांची बेरीज अधिकात अधिक ४२ होते. ती ६ किंवा त्याखाली आली तर व्याधी ताब्यात, २८ किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र. 'बरं वाटतंय' या उत्तरापेक्षा या वहीने आम्हाला अधिक शिकविले, आणि आमच्या काही आवडत्या कल्पांवरचा विश्वासही कमी केला.

वर सांगितलेल्या शिक्षिकेची पहिल्या आठवड्याची बेरीज ३१ होती. वेदनाशामक बंद करून, टाचेसाठी स्थानिक स्नेहन व मऊ पादत्राणे दिल्यावर ती २२ वर आली. तिच्या गोळीची मात्रा त्वचारोगतज्ज्ञांनी दुप्पट केली, आम्ही साखर कमी असलेला हरिद्रेचा कल्प व रात्री लघु आहार ठेवला. चौथ्या महिन्यात बेरीज ७. यांतील कशाने किती झाले हे आम्ही सांगू शकत नाही. वजन साडेपाच किलो परत आले आहे, आमसुलाचे सार पुन्हा सुरू आहे, आणि थायरॉइडची पुढील तपासणी येत्या मार्चमध्ये आहे.